मार्च एंड संपला की नक्की

वाचकाचं पत्र:

ताई, सलाम. माझं वय 43. बुटीबोरीला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. सकाळी सातला कंपनीची बस पकडतो, घरी यायला आठ वाजतात. आमचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. दरवर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ लेंट सुरू होतो त्या दिवशी, मी मनाशी ठरवतो की या लेंटमध्ये प्रभूला पूर्ण समर्पण करायचं. पहाटे पाचला उठून प्रार्थना, अख्खा नवा करार वाचून काढायचा, मटण बंद, मोबाईल बंद. पाच-सहा दिवस जमतं. मग मार्च एंड, ऑडिट. यंदा तर मुलीची दहावी. आईचे गुडघे गेलेत, तिला दवाखान्यात मीच नेतो. एक दिवस चुकला की वाटतं, आता काय अर्थ आहे, पुढच्या वर्षी नीट करू. मटण तेवढं सुटलेलं राहतं.

मंडळीतले चार-पाच जण शनिवारी संध्याकाळी मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, पेशंटच्या नातेवाइकांना पोळी-भाजी नेऊन देतात. जानेवारीत पाळकसाहेबांनी मलाही विचारलं. मी म्हटलं, मार्च एंड संपला की नक्की. खरं सांगतो ताई, अर्धवट मनाने काही करणं मला पटत नाही. करायचं तर पूर्ण. शिवाय मी ख्रिस्ती आहे हे कंपनीत कोणाला माहीत नाही, आडनावावरून कळत नाही. मटण का खात नाही असं विचारलं तर डॉक्टरने बंद केलंय म्हणतो. उपास गुप्तपणे करा, असं प्रभूनेच सांगितलंय ना?

तीन आठवडे गेले. हेही वर्ष गेलंच म्हणायचं. काय करू?


भाऊ, सलाम.

आधी कॅलेंडर काढू, तुमच्याच धंद्यातली गोष्ट आहे. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या मध्ये कुठेतरी पडतो. त्याच्या आधीचे 40 दिवस म्हणजे लेंट, आणि मधले सहा रविवार त्यात धरत नाहीत, म्हणून कॅलेंडरवर ते 46 भरतात. हे गणित कसंही फिरवा, मार्च त्यात आलाच. दहावीची परीक्षाही दरवर्षी त्याच सुमाराला. तुम्ही 58 ला निवृत्त होणार असं धरलं तर अजून 15 लेंट 15 मार्च एंडांच्या अंगावरच येणार आहेत. तेव्हा 'मार्च एंड संपला की' हा वायदा नेमका कोणत्या वर्षाचा, तेवढं ठरवून टाका.

हसू नका, मीही हेच करत आलेय. आपली सगळी जातच 'बघू' म्हणण्यात पटाईत आहे. नागपुरातल्या सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये 29 नोव्हेंबर 1970 ला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते. एक होण्याची ती बोलणी सुरू झाली होती 1929 मध्ये. एकाच प्रभूच्या लेकरांना एका छताखाली यायला 41 वर्षं लागली, तर तुम्हाला एका शनिवारी मेडिकलला जायला तीन महिने लागले यात नवल नाही.

आता तुमची कारणं. तुम्हाला वाटत असेल की ती खोटी आहेत असं मी म्हणणार. नाही म्हणत. ऑडिट खरं आहे, दहावी खरी आहे, आईचे गुडघे तर फारच खरे. खोटं कारण दोन-तीनदा सांगितलं की सांगणाऱ्यालाच लाज वाटते. खरं कारण वर्षानुवर्षं पुरतं, म्हणून ते जास्त धोक्याचं.

नव्या करारातल्या लूकच्या चौदाव्या अध्यायातली मोठ्या जेवणाची गोष्ट तुम्ही संडे स्कूलमध्ये ऐकलीच असेल. जेवण तयार झालं, दास बोलवायला गेला. एक म्हणाला, शेत घेतलंय, बघायला जायचंय. दुसरा म्हणाला, बैलांच्या पाच जोड्या घेतल्यात, पारखायला निघालोय. तिसरा म्हणाला, लग्न केलंय, मला यायला जमत नाही. ही गोष्ट मी बरीच वर्षं मुलांना तोंड गंभीर करून शिकवली. ती खरी कळली सासऱ्यांमुळे. ते काटोलकडचे शेतकरी, शिक्षण चौथीपर्यंत. एकदा दिवाणखान्यात मी पाठाची तयारी करत होते, त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "पाच जोड्या! अन् पाह्यल्याबिगर घेतल्या? काऊन व सूनबाई, हा मानूस येडा हाय का लबाड?"

मी गप्प. खरंच की. आपल्याकडच्या बैलबाजारात माणूस आधी दात मोजतो, खूर बघतो, जू मानेवर ठेवून चालवून बघतो, मग रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो. एका जोडीसाठी दोन-दोन बाजार पालथे घालतात. आणि हा पाच जोड्या विकत घेऊन मग पारखायला निघाला, तेही रात्रीच्या जेवणाच्या वेळेला! शेत घेणारा पहिला तसाच. न बघता शेत कोणी घेतं का? ऐकणारे एका धर्मपुढाऱ्याच्या घरी जेवायला बसलेले पाहुणे होते, तेही नक्की हसले असतील. प्रभूने विनोद सांगितला होता आणि आम्ही त्याचा प्रश्नोत्तराचा धडा करून टाकला.

तिसऱ्याची मात्र मला थोडी भीती वाटते. पहिले दोघे निदान माफी तरी मागतात. हा मागत नाही, कारण त्याच्याकडे शास्त्राचा आधार आहे. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात लिहिलंय की नव्याने लग्न झालेल्याला वर्षभर लढाईवर पाठवू नये, त्याने घरी राहून बायकोला आनंदी करावं. वचन पक्कं, पण लागू कुठे? त्याला लढाईवर कोणी बोलावलं नव्हतं, जेवायला बोलावलं होतं. बायकोला घेऊन आला असता तरी चाललं असतं.

तुमचं 'उपास गुप्तपणे करा' हे वचन याच घरातलं, म्हणून हे इतकं लांबवलं. त्याकडे येतेच.

त्याआधी एक गोष्ट वेगळी काढू. आईचे गुडघे सबबींच्या यादीतून खोडा. मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू कोणावर चिडलाय बघा: 'हे देवाला अर्पण केलंय' असं म्हणून आईबापांना द्यायचं ते न देणाऱ्यांवर. आईला ऑर्थोपेडिककडे नेण्याचा दिवस प्रार्थनेतून वजा झाला असं तुम्ही मांडता, तिथे तुमची नोंद चुकीच्या खात्यात गेली. तो दिवस जमेच्या बाजूला धरा. उलट उद्या तुम्ही म्हणालात की प्रार्थनासभा आहे, आई रिक्षाने जाईल, तर मी तुम्हाला दुसरं पत्र लिहीन आणि ते इतकं गोड नसेल.

दहावी मात्र मुलीची आहे, तुमची नाही. शनिवारी सहा ते आठ तिला बाप समोर बसलेला हवा असतो का, तिलाच विचारा. मी शाळेत 30 वर्षं दहावीला शिकवलं, त्या अनुभवावर सांगते, उत्तर ऐकून तुम्हाला जरा वाईट वाटेल.

राहिलं ऑडिट. तिथे तुम्हीच मला शिकवाल. पण तुमच्या संकल्पात 'मोबाईल बंद' आहे, म्हणजे मोबाईलला वेळ मिळतोय, एवढं मला पत्रातूनच कळलं.

आता मुद्द्याचं. तुमची सगळ्यात मोठी सबब यांपैकी एकही नाही. ती तुम्ही सबब म्हणून लिहिलीच नाहीये, अभिमानाने लिहिली आहे: 'करायचं तर पूर्ण.' पहाटे पाच, अख्खा नवा करार, मटण, मोबाईल, सगळं राखेच्या बुधवारीच सुरू. एवढा डोंगर उभा केल्यावर सहाव्या दिवशी पाय घसरणारच. आणि घसरला की वर्षभराची सुट्टी. पूर्ण समर्पणाच्या आड लपून तुम्ही शनिवारच्या दोन तासांतून सुटलात, आणि सुटताना आपण भक्तिमान आहोत असंही वाटलं. बाकीच्या कारणांसाठी निदान आईचे गुडघे तरी दाखवावे लागतात, याला तेवढंही लागत नाही.

याच लूक चौदामध्ये, जेवणाच्या गोष्टीनंतर लगेच, बुरूज बांधणाऱ्याची गोष्ट आहे. आधी बसून खर्चाचा अंदाज घे, नाहीतर पाया घालून काम अडेल आणि लोक हसतील. मला पूर्वी कळायचं नाही की आत्ताच सबबी सांगणाऱ्यांना फटकारलं आणि लगेच हिशेब करा म्हणतोय, हे कसं? मग लक्षात आलं, सबब सांगणारे तिघेही निघण्याच्या घाईत होते. बुरूजवाला बसला. तुम्ही व्यवसायाने हिशेबनीस, पण लेंटचा हिशेब करायला एकदाही बसलेला नाहीत. दरवर्षी त्याच आकड्याचं बजेट मांडता आणि दरवर्षी सहाव्या दिवशी ते बुडतं. कंपनीत असं केलं असतं तर नोकरी राहिली असती का?

'पण ताई, मन पूर्ण नसताना करायचं म्हणजे ढोंग नाही का?' हे तुम्ही विचाराल, म्हणून नागपूरचीच एक गोष्ट सांगते. कवी नारायण वामन टिळक 1890 नंतरच्या काही वर्षांत इथे होते, संस्कृतचं काम करत होते. इथून राजनांदगावला जायला निघाले तेव्हा आगगाडीच्या डब्यात एक परदेशी मिशनरी भेटला. बोलणं झालं, त्याने बायबल दिलं आणि वाचा म्हणाला. टिळकांनी वाचायचं कबूल केलं. पुस्तक सुरुवातीला त्यांना मुळीच आवडलं नाही. शब्द दिला होता म्हणून पानं उलटत राहिले. पुढे येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि तिथून त्यांना हलता येईना. बाप्तिस्मा झाला मुंबईला, 10 फेब्रुवारी 1895 रोजी. मधल्या काळात त्यांच्यासमोर कारणांचा ढीग होता आणि एकही लटकं नव्हतं: जात, सासर-माहेर, पत्नी लक्ष्मीबाई, जिच्यापासून या पायी पुढे काही वर्षं ताटातूट झाली. तुमचं ऑडिट त्यापुढे काहीच नाही, पण मोजमाप करायला मी हे सांगत नाहीये. गाडीतून उतरताना टिळकांनी समर्पण केलं नव्हतं. नावडतं पुस्तक रोज उघडलं होतं, इतकंच. मन मागून आलं.

आता मत्तयचा सहावा अध्याय. उपास करताना तोंड धू, डोक्याला तेल लाव, लोकांना दाखवत फिरू नकोस, असं तिथे आहे. डॉक्टरच्या नावावर खोटं बोल, असं नाही. न सांगणं वेगळं आणि दुसरंच काही सांगणं वेगळं. पहिल्यात तुम्ही देवापाशी असता, दुसऱ्यात 'मी प्रभूला ओळखत नाही' म्हणणाऱ्या पेत्राजवळ, अंगणातल्या शेकोटीपाशी. पेत्राला तरी जिवाची भीती होती. तुम्हाला कँटीनमध्ये पनीर वाढणाऱ्याची आहे.

अर्थात हे लिहिणं मला सोपं आहे, मी निवृत्त बाई. आजच्या वातावरणात माणसाला वाटणारी धाकधूक अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही, आणि तुमची कंपनी तुम्हाला माहीत, मला नाही. म्हणून टेबलावर उभं राहून साक्ष द्या असं सांगत नाही. डब्याला रोज शेजारी बसणारा एक जण असेल ना? त्याने विचारलं तर म्हणा, "ईस्टरपर्यंत उपास आहे." बस. तो म्हणेल, "ईस्टर? म्हणजे तुम्ही..." तुम्ही म्हणा, "हो." बहुतेक वेळा पुढे एवढंच होतं की डिसेंबरमध्ये ते केक मागतात. तेवढा खर्च धरून ठेवा.

मटणाविषयीही दोन शब्द. सोडलंत, चांगलं केलंत, नागपुरात सावजीच्या वासावरून नाक वळवून जाणं ही काही लहान तपश्चर्या नाही. पण सगळं सुटलं आणि मटणाचा नेम तेवढा टिकला, याचं कारण ते एकट्याने करता येतं, त्यात दुसरा माणूस लागत नाही. माझी गोष्ट सांगते. एका लेंटमध्ये मी चहा सोडला. तिसऱ्या दिवसापासून डोकं दुखायला लागलं, त्याचा राग मी घरादारावर काढला. दहाव्या दिवशी सुनेने कप पुढे ठेवला आणि म्हणाली, "आई, देवाला मी सांगते, तुम्ही प्या." यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात उपासही करता आणि भांडणही करता, असं ऐकवलंय, ते वाचताना मला अजून तो कप दिसतो. त्याच अध्यायात पुढे, आपली भाकर भुकेल्याला वाटून दे, हा उपास सांगितलाय. तेव्हा तीन रविवारचं मटण वाचलं ना, त्याचे पैसे कुठे गेले? ईस्टरच्या दुपारी दुप्पट आणायला ठेवलेत का? भाव तुम्हाला माहीतच आहे. शनिवारच्या भाजीला ते सहज पुरतील.

काय करायचं ते आता सांगते. फार नाही.

पहाटे पाच रद्द. पहिला फोन पाळकसाहेबांना, हे वाचून झाल्यावर लगेच. 'या शनिवारी येतो' एवढंच बोला. 'प्रयत्न करतो' म्हणू नका, नागपुरात त्याचा अर्थ नाही असाच होतो.

वाचनासाठी अख्खा नवा करार सोडा, लूक घ्या. त्याचे 24 अध्याय आहेत आणि तुमच्याकडे दिवसही साधारण तितकेच उरलेत. रोज एक, बसमध्ये, खापरी यायच्या आत होतो. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन वाचून भरपाई करू नका. ती हिशेबनिसाची खोड आहे, तिथूनच तुमचं दरवर्षी बिनसतं. चुकला तो गेला, आजचा अध्याय वाचा. ईस्टरला दोन-तीन राहिले तर राहू द्या. तीन आठवडे गेले म्हणून वर्ष गेलं, हे कुठून आणलंत? प्रभूच्या दृष्टांतात द्राक्षमळ्यात कामाला संध्याकाळी पाच वाजता आलेल्यांनाही पूर्ण रोजी मिळाली होती, आणि सकाळपासून राबलेल्यांनी त्यावर तक्रार केली होती. तुम्ही पाच वाजता आलेल्यांतले, तक्रारीचंही काम नाही.

मेडिकलमध्ये पहिल्या शनिवारी काही बोलू नका. गडचिरोली, चंद्रपूर, बालाघाट, छत्तीसगडकडून आलेली माणसं असतात, व्हरांड्यात चादर टाकून राहतात, कोणाचा मुलगा आत, कोणाची सासू. त्यांना तुमची साक्ष नको असते, बाटलीत पाणी कुठे भरायचं आणि पिवळं रेशनकार्ड कोणत्या खिडकीवर दाखवायचं हे हवं असतं. खिडक्यांचं तुम्हाला जमेल, आयुष्य कागदांत गेलंय. हा गुण त्या चार-पाच जणांपैकी कोणातच नसावा, पाळकसाहेबांनी तुम्हालाच का विचारलं असेल असं वाटतं?

आणि एक राहिलं. एवढ्या मोठ्या पत्रात मुलगी आहे, आई आहे, पाळक आहेत, डॉक्टरसुद्धा आहे. तुमच्या बायकोचा उल्लेख नाही. मग पोळ्या कोण करणार आहे? समर्पण तुमचं आणि पोळ्या तिच्या, असं आमच्या पिढीत खूप झालं, तेवढं यंदा नको. शनिवारी ती भाजी करत असेल तर कणीक तुम्ही मळा, लाटताही येईल हळूहळू. पहिल्या नकाशासारख्या होतात, भुकेल्याला फरक पडत नाही. गरम पोळ्या डब्यात कोंबू नका, घाम सुटून चिकटतात. सुती कापडात गुंडाळायच्या, पाच-पाचची चवड, मध्ये कागद. लोणचं वेगळ्या पुडीत. मार्चच्या उन्हात दुधीची भाजी लवकर आंबते, त्यापेक्षा सुकी बटाट्याची बरी.

सोमवारी कळवा, किती पोळ्या नेल्या आणि किती परत आल्या.

तुमची,
ताई